अडचण, उपाय आणि एक आकडा

विम हा टेक्स्ट एडिटर कुठलीही फाइल न देता उघडला, की रिकाम्या पडद्याच्या मधोमध काही ओळी दिसतात. आवृत्तीचा आकडा, कर्त्याच्या जागी 'ब्राम मूलेनार आणि इतर', प्रोग्राम मुक्त आहे आणि हवा त्याला वाटता येतो असं एक वाक्य, आणि त्याखाली युगांडातल्या गरीब मुलांना मदत करण्याची विनंती. पण ही विनंती दर वेळी दिसत नाही. मूलेनारांच्या हयातीतला सोर्स कोड उघडून पाहिला तर त्यामागचा हिशेब सापडतो. संगणकाच्या घड्याळातले सेकंद घ्यायचे आणि त्या आकड्यातले शेजारशेजारचे दोन बिट तपासायचे. दोन्ही सारखे निघाले तर युगांडाची ओळ. वेगळे निघाले तर एका वेळी 'विमच्या कामाला आर्थिक हातभार लावा' आणि दुसऱ्या वेळी 'नोंदणीकृत वापरकर्ते व्हा'. चारांत दोनदा युगांडा, बाकीच्या दोन विनंत्या एकेकदा. वरच्या कॉमेंटमध्ये हे प्रमाण साध्या शब्दांत लिहूनही ठेवलं आहे, म्हणजे पुढे कोणी कोड वाचला तर त्याला बिटांचं कोडं सोडवत बसायला नको.

मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट सांगताना जाहीरनामे, परिषदा आणि भांडणं यांनाच फार जागा मिळते. ब्राम मूलेनार हे त्या गोष्टीतलं जरा अडचणीचं पात्र आहे, कारण त्यांच्याकडे यातलं फारसं काही सापडत नाही. बत्तीस वर्षं एकाच प्रोग्रामचं काम, आणि तेही बहुतांशी लोकांच्या तक्रारी वाचून केलेलं. पण मुक्त सॉफ्टवेअर टिकतं कशावर हे बघायचं असेल तर त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

जन्म १९६१ चा, नेदरलँड्समधल्या लिसे गावचा. डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग वेन्लोला फोटोकॉपी यंत्रं बनवणाऱ्या ओसे कंपनीत नोकरी. १९८८ मध्ये त्यांनी घरी आमिगा २००० संगणक घेतला. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर 'व्हीआय' या एडिटरची हाताला सवय झालेली, आणि आमिगावर तो नव्हता.

नव्हता याला कारण आहे. व्हीआय लिहिला बिल जॉय यांनी, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात, १९७६ च्या सुमारास. त्याचा कोड एटी अँड टी कंपनीच्या युनिक्स कोडमध्ये गुंतलेला होता, त्यामुळे तो घ्यायचा तर आधी युनिक्सचा परवाना हवा. घरच्या संगणकावर हे शक्यच नव्हतं. म्हणून लोकांनी त्याच्या नकला लिहायला घेतल्या. त्यातली एक 'स्टीव्ही'. टिम थॉम्पसन यांनी ती १९८७ मध्ये अटारी एसटी संगणकासाठी लिहिली, पुढे टोनी अँड्र्यूज यांनी ती इतर यंत्रांवर नेली. मूलेनारांनी आमिगावरची स्टीव्ही उचलली आणि दुरुस्त करायला सुरुवात केली. त्यातून झालेल्या प्रोग्रामचं नाव विम, म्हणजे 'व्हीआय इमिटेशन', व्हीआयची नक्कल. २ नोव्हेंबर १९९१ रोजी आवृत्ती १.१४ पहिल्यांदा बाहेर आली, ती फ्रेड फिश यांच्या ५९१ क्रमांकाच्या फ्लॉपीवर. फिश हे आमिगासाठी फुकट वाटता येणारे प्रोग्राम गोळा करून क्रमांक घातलेल्या फ्लॉप्यांवर लोकांना पुरवत. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी वाटपाची सोय हीच होती. पुढच्याच वर्षी प्रोग्राम युनिक्सवर गेला. तिथे अस्सल व्हीआय शेजारी बसलेला असताना नक्कल म्हणवून घेण्यात अर्थ नव्हता, तेव्हा नावाचा अर्थ 'व्हीआय इम्प्रूव्ह्ड', म्हणजे सुधारलेला व्हीआय, असा बदलला. आद्याक्षरं तीच राहिली.

हा एडिटर असा विचित्र का वागतो, हे कळायला जॉय यांच्या टेबलावरचं टर्मिनल, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड, पाहावं लागतं. एडीएम-३ए नावाच्या त्या यंत्राच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार कळांवरच बाण छापलेले होते, आणि आज जिथे टॅब असते तिथे एस्केप होती. त्यामुळे एस्केप ही करंगळीजवळची, सहज दाबली जाणारी कळ होती. आज ती कोपऱ्यात जाऊन बसली आहे आणि नवशिके तिला वैतागतात, तो दोष टर्मिनल बदलल्याचा. जोडीला मोडेमचा वेग सेकंदाला ३०० बिटांच्या घरातला. पडदा पुन्हा रंगवायचा तर थांबून राहावं लागे, म्हणून आज्ञा जितकी छोटी तितकी बरी.

त्या काटकसरीतून एक व्याकरण तयार झालं आणि विमने ते वाढवलं. डी म्हणजे पुस, सी म्हणजे पुसून नवं लिही, वाय म्हणजे नक्कल घे. ही क्रियापदं. डब्ल्यू म्हणजे शब्द, पी म्हणजे परिच्छेद, अवतरणचिन्ह म्हणजे त्या चिन्हांमधला मजकूर. ही कर्मं. मध्ये आय घातला तर 'आतलं', ए घातला तर 'कडेसकट'. आता सी, आय, अवतरणचिन्ह अशा तीन कळा दाबल्या की अवतरणातला मजकूर जातो, चिन्हं राहतात आणि तुम्ही लगेच नवा मजकूर लिहायला मोकळे. कर्सर त्या मजकुराच्या मधोमध असला तरी चालतं. मग पुढच्या ठिकाणी जाऊन नुसतं टिंब दाबायचं, अख्खी दुरुस्ती पुन्हा होते. 'आतलं' आणि 'कडेसकट' ही जोडी विमची, अस्सल व्हीआयमध्ये ती नव्हती. पाच क्रियापदं आणि दहा कर्मं पाठ केली तर पन्नास आज्ञा हाती येतात. म्हणूनच विम शिकलेला माणूस तो सहसा सोडत नाही.

पण सुरुवातीला घोडं कुठे अडतं तेही सांगायला हवं. कॅप्स लॉक चुकून चालू राहिला तर खाली जाण्यासाठी दाबलेली जे कळ ओळी एकमेकींना जोडत सुटते, कारण मोठ्या जेचा अर्थच ओळी जोडणे. अशा वेळी कॅप्स लॉक काढून यू दाबत मागे यायचं. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं तर विमच्या जुन्या आवृत्त्यांत बऱ्याच टर्मिनलांवर सगळं गोठल्यासारखं होतं. विम बंद पडलेला नसतो, टर्मिनलने अक्षरं दाखवणं थांबवलेलं असतं. कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतं. तिसरा घोटाळा सगळ्यांनाच छळतो. एखाद्या शब्दाची नक्कल घ्यायची, दुसरीकडे जाऊन तिथला जुना शब्द पुसायचा आणि पी दाबून चिकटवायचं, तर पुसलेलाच शब्द परत येतो. विमच्या लेखी पुसलेला मजकूरही त्याच खणात जातो. मात्र नक्कल घेतलेला मजकूर शून्य क्रमांकाच्या खणात शाबूत असतो. दुहेरी अवतरणचिन्ह, शून्य, पी असं दाबलं की तो मिळतो. आणि बाहेर पडणं? प्रोग्रामरांच्या एका लोकप्रिय प्रश्नोत्तरांच्या साइटवर विममधून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. यातली कित्येक माणसं विम शिकायला आलेलीच नसतात. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्राममध्ये कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, संदेश लिहायला एडिटर ठरवून दिलेला नसला तर व्हीआयच उघडतो आणि माणूस अचानक त्यात येऊन पडतो. एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. बदल फेकून बाहेर.

मूलेनार हे सगळं जाणून होते. परिणामकारक संपादनावरच्या त्यांच्या एका निबंधात आणि त्यावरच्या व्याख्यानात सांगितलेली रीत तीन पायऱ्यांची आहे. आपला वेळ कुठे वाया जातो ते हेरा, त्यासाठी झटपट उपाय शोधा, मग तो हातात बसेपर्यंत वापरा. सगळ्या आज्ञा पाठ करण्याच्या नादी लागू नका, असं ते बजावतात. आज विमवर जे व्हिडिओ आणि लेख येतात त्यांत पहिल्याच दिवशी चाळीस प्लगिन, म्हणजे विमला जोडायचे छोटे प्रोग्राम, बसवायला सांगतात, ते बघितलं की हा साधा सल्ला किती शहाणपणाचा होता ते कळतं. विमबरोबर 'विमट्यूटर' नावाचा धडाही येतो. तो दर वेळी धड्याची नवी प्रत काढून देतो, तेव्हा ती बिघडवली तरी मूळ धडा शाबूत राहतो. अर्ध्या तासाचं काम आहे, तेवढं केलं तरी पुरे.

१९९४ मध्ये मूलेनार युगांडाला गेले. देशाच्या दक्षिणेला, टांझानियाच्या सीमेजवळ, राकाई जिल्ह्यात किबाले हे छोटं गाव आहे. एड्सने त्या भागात आईबाप गेले होते, मुलं मागे राहिली होती. तिथल्या मुलांच्या केंद्रात त्यांनी जवळपास वर्षभर पाणी आणि स्वच्छतेच्या व्यवस्थेचं काम स्वयंसेवक म्हणून केलं. परत आल्यावर मदत चालू राहावी म्हणून नेदरलँड्समध्ये 'आयसीसीएफ हॉलंड' ही संस्था काढली आणि विमला 'चॅरिटीवेअर' म्हणायला सुरुवात केली. वापरा, नकला काढा, वाटा, आणि वाटलं तर त्या मुलांसाठी पैसे पाठवा. विमच्या मदत-पानांत 'युगांडा' शोधलं की परवाना आणि किबालेची माहिती एकाच पानावर मिळते. मधल्या काळात ते पुन्हा पुन्हा तिथे जाऊन आले आणि पैसा कशावर खर्च झाला याचे अहवाल लिहीत राहिले.

परवान्याचं कलमही त्यांच्या स्वभावाला धरून आहे. मूळ प्रत हवी तशी वाटा. बदललेली प्रत वाटायची असेल तर त्यासाठी काही मार्ग दिले आहेत, त्यांतला मुख्य म्हणजे मेंटेनरने, म्हणजे प्रोग्राम सांभाळणाऱ्याने, मागितल्यास बदल त्याला द्यायचे. आवृत्ती ६.१ पासून हा परवाना ग्नू प्रकल्पाच्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याशी जुळता केला गेला. भांडायला कोर्टात जायची तयारी यात कुठे दिसत नाही. तुम्ही काय सुधारलंत ते मला दाखवा, चांगलं असेल तर सगळ्यांना देऊ, एवढीच अपेक्षा.

आता मुख्य कामाकडे. १९९४ च्या ३.० मध्ये एका पडद्यावर अनेक खिडक्या आल्या, १९९६ च्या ४.० मध्ये ग्राफिक रूप, १९९८ च्या ५.० मध्ये रंगीत कोड, २००१ च्या ६.० मध्ये मजकुराच्या घड्या, प्लगिन आणि सगळ्या लिप्या साठवणारी यूटीएफ-८ पद्धत, २००६ च्या ७.० मध्ये शुद्धलेखन तपासणी, टॅब आणि फांद्या फुटणारा अनडू. ही यादी कुठेही मिळते. मला जास्त मोलाचं वाटतं ते दोन मोठ्या आवृत्त्यांच्या मधलं काम. विममध्ये प्रत्येक छोट्या दुरुस्तीला क्रमांक असतो, आणि तिच्या नोंदीचा साचा ठरलेला. पहिल्या ओळीत 'अडचण', दुसऱ्या ओळीत 'उपाय' आणि कंसात ज्याने दोष दाखवला किंवा दुरुस्ती पाठवली त्याचं नाव. मग तो क्रमांक सोर्समधल्या आवृत्तीच्या फाइलमध्ये एका लांबलचक यादीत वर चढवायचा. त्यामुळे कोणाच्याही संगणकावरच्या विमला 'तुझ्यात अमुक दुरुस्ती आहे का' असं विचारता येतं, आणि प्लगिन लिहिणारे तेच करतात. आवृत्तीचा नुसता आकडा बघून सोय आहे की नाही हे ठरवायला गेलं तर फसायला होतं, कारण दोन लिनक्स वितरणांतली ८.२ सारखी दिसली तरी त्यांच्यात हजारो दुरुस्त्यांचं अंतर असू शकतं. ८.२ ची शेवटची दुरुस्ती ५१७२ क्रमांकाची होती.

यातल्या जवळजवळ सगळ्या मूलेनारांच्या हातून आत गेल्या. लोक दुरुस्ती पाठवत, ते वाचत, बहुतेकदा थोडी बदलत, चाचणी जोडत आणि मग घेत. जे लगेच जमण्यासारखं नसे ते कामांच्या यादीत जाई. ती यादीसुद्धा मदत-पानांत सगळ्यांना वाचायला ठेवलेली. हजारो ओळी, प्रत्येक कामाला महत्त्वाचा आकडा. आपली तक्रार कुठे पडून आहे ते कोणालाही बघता येई. नवी सोय लिहिण्यात मजा असते, दुसऱ्याने लिहिलेली सोय वीस यंत्रांवर न मोडता चालती ठेवण्यात ती नसते. आमिगासाठीची फाइल तर अजूनही सोर्समध्ये आहे.

या सांभाळण्याच्या वृत्तीचं प्रोग्रामातलंच एक उदाहरण म्हणजे स्वॅप फाइल. फाइल उघडली की विम तिच्या शेजारी टिंबाने सुरू होणारी एक लपलेली फाइल करतो. दोनशे अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की बदल तिच्यात जातात. वीज गेली किंवा दूरच्या सर्व्हरशी जोडणी तुटली तर काम वाचतं. पुन्हा उघडताना लांबलचक इशारा येतो आणि घाईत लोक 'तरीही संपादन करा' निवडतात. तिथेच काम हातचं जातं. आधी इशाऱ्यातला प्रोसेस क्रमांक बघायचा. शेजारी 'अजून चालू आहे' असं असेल तर तीच फाइल दुसऱ्या टर्मिनलात उघडी आहे, तेव्हा इथून निघून तिकडे जायचं. तसं नसेल तर आर दाबून वाचलेला मजकूर परत मिळवायचा, तो वेगळ्या नावाने सेव्ह करायचा, मूळ फाइलशी ताडून बघायचा आणि सगळं ठीक असेल तर जुनी स्वॅप फाइल हाताने पुसायची. परत मिळवल्यावरही विम ती आपणहून पुसत नाही. कदाचित तुम्हाला अजून हवी असेल, असा त्यामागचा विचार. ती पुसायची राहिली की पुढच्या वेळी तोच इशारा पुन्हा येतो आणि लोक विमला दोष देतात.

एकाच माणसाच्या हातात चावी असल्याचा त्रासही झाला, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. विम एका वेळी एकच काम करी. प्लगिनने बाहेरचा एखादा प्रोग्राम चालवला तर तो संपेपर्यंत टाइप करता येत नसे. थियागो दि अरुडा या प्रोग्रामरने यावर मोठी दुरुस्ती पाठवली, ती घेतली गेली नाही. २०१४ च्या सुरुवातीला त्यांनी लोकवर्गणीतून 'निओविम' ही वेगळी शाखा सुरू केली, दहा हजार डॉलरचं लक्ष्य ठेवून, आणि ते सहज पार झालं. मूलेनारांची बाजू अशी होती की एवढा मोठा बदल सगळ्या यंत्रांवर चालेल याची खात्री नाही, आणि तो बिघडला तर निस्तरायचा त्यांनाच. हे खोटं नव्हतं. पण सप्टेंबर २०१६ मध्ये विम ८.० आला, दहा वर्षांतली पहिली मोठी आवृत्ती, आणि त्यात पार्श्वभूमीला चालणारी कामं, त्यांच्याशी बोलायचे चॅनेल आणि टायमर होते. शाखा फुटली नसती तर हे इतक्या लवकर आलं असतं असं मला वाटत नाही. दुसरीकडे निओविमच्या इतिहासातही विमच्या दुरुस्त्या मूळ क्रमांकासकट एकामागून एक घेतलेल्या दिसतात, आणि सुरुवातीच्या पडद्यावर युगांडाची विनंतीही त्यांनी राहू दिली. भांडण झालं खरं, पण खातं बंद झालं नाही.

पैशाचा प्रश्न त्यांनी दोन-तीन तऱ्हांनी सोडवून पाहिला. मधला काही काळ नोकरी नसताना विमसाठी प्रायोजक मागितले. निदान दहा युरो दिले की नोंदणीकृत वापरकर्ता, आणि पुढे कोणती सोय करावी यावर मत द्यायचा हक्क. २००६ मध्ये ते गूगलमध्ये गेले, पुढे झुरिकला स्थायिक झाले, आणि कामाच्या वेळेतला काही भाग विमला देता येई. मग त्यांनी मदत-पानात सरळ लिहून टाकलं, की आता पगार सुरू झाला आहे, तेव्हा प्रायोजकांचे पैसेही युगांडातल्या मुलांकडे जातील. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या युनिक्स वापरकर्त्यांच्या संघटनेने, एनएलयूयूजीने, त्यांना पुरस्कार दिला. २०२१ मध्ये ते गूगलमधून निवृत्त झाले.

मराठी लिहिणाऱ्याला विमकडून काय मिळतं, याचं उत्तर अर्धं गोड आहे. ६.० मध्ये यूटीएफ-८ आलं तेव्हापासून मजकूर सुरक्षित राहतो. 'कि' या अक्षरावर कर्सर ठेवून जी, ए दाबलं तर क आणि ऱ्हस्व वेलांटी यांचे क्रमांक, २३२५ आणि २३६७, वेगवेगळे दिसतात. फाइल बिघडली आहे की फॉन्ट, हे ठरवायला याच्यासारखं साधन नाही. पण पडदा विमच्या लेखी चौकोनी खान्यांचा. काना, मात्रा, हलन्त आधीच्या अक्षरात मिळवले जातात, जोडाक्षर मात्र फुटतं. 'लक्ष्मी' म्हणजे विमला ल, क्, ष्, मी अशी चार अक्षरं. टर्मिनल त्यांची जोडणी करून कमी किंवा जास्त जागेत चितारतो आणि कर्सर दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे. क्ष्मवर एक्स दाबला तर नुसता क् जाऊन 'लष्मी' उरते. नुसती मात्रा खोडायची असेल तर 'डेलकंबाइन' हा पर्याय चालू करायचा, मग बॅकस्पेस आणि एक्स एकेक चिन्ह काढतात. एरवी अक्षर मात्रेसकट जातं.

'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य तर खास आपला. काही कीबोर्ड तो ऱ या स्वतंत्र अक्षराने बनवतात, काही साध्या र्-नंतर न दिसणारा जोडक घालून. दुसऱ्या प्रकारात विम मध्येच कोनी कंसात २००डी असा आकडा दाखवतो. कचरा समजून तो पुसला की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातला माणूस समुद्रात. पुसू नये, र, हलन्त आणि जोडक हे तिन्ही मिळून त्याजागी ऱ आणि हलन्त असा बदल अख्ख्या फाइलभर करावा.

कीबोर्डचीही एक गंमत आहे. सिस्टिमचा इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू ठेवून विममध्ये आलात तर एच, जे, के, एल दाबल्यावर विमकडे प, र, क, त जातात. त्यांना त्याच्या लेखी अर्थ नाही. डी दोनदा दाबून ओळ पुसायला जावं तर दोन हलन्त. यावर विमचा स्वतःचा 'कीमॅप' वापरायचा. विमच्या फोल्डरमधल्या कीमॅप या उपफोल्डरात साधी फाइल, वर नाव, मग कीमॅप चढवायची आज्ञा, आणि पुढे प्रत्येक ओळीत इंग्रजी कळ आणि तिचं अक्षर. सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा. मग लिहिताना मराठी उमटतं, आज्ञा देताना कळा इंग्रजी राहतात, आणि लिहिता लिहिता भाषा बदलायची तर कंट्रोल-६. उच्चारावरून टाइप करायचा कीमॅप बनवलात तर के आणि केएच दोन्ही यादीत असल्यामुळे विम पुढच्या कळेची वाट बघत सेकंदभर थांबतो. इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक अक्षरं एका कळेची, त्यामुळे ती अडचण जवळजवळ येत नाही.

शेवटची वर्षं मूलेनारांनी विमची अंगभूत प्रोग्रामिंग भाषा नव्याने घडवण्यात घालवली. जुनी भाषा प्रत्येक ओळ दर वेळी नव्याने वाचून चालवी. 'विम ९ स्क्रिप्ट' आधी एकदाच संकलित होते, म्हणजे यंत्राला सोप्या रूपात बदलली जाते, आणि दहा ते शंभर पट वेगाची अपेक्षा धरता येईल असं मदत-पानातच म्हटलं आहे. जून २०२२ मध्ये ९.० आली. ती स्वेन गुकेस यांना अर्पण केलेली होती. विम लहान असताना त्याचा ध्यास घेऊन प्रचार करणारा हा माणूस त्याच वर्षी गेला होता. याच सुमारास सुरक्षेतले दोष शोधून बक्षीस मिळवणाऱ्यांची विमवर झड लागली. यंत्राने बनवलेल्या निरर्थक फाइली विमला खायला घालायच्या, कुठे मेमरी चुकते ते बघायचं. प्रत्यक्षात अशी फाइल कोणी उघडणार नाही असे दोषही त्यात बरेच. ते त्यांनी एकामागून एक बुजवले, त्याच साच्यात, अडचण आणि उपाय. काही दोष मात्र खरोखर गंभीर होते. २०१९ मधल्या एका दोषामुळे नुसती फाइल उघडल्यावर त्यातल्या सेटिंगच्या ओळीतून बाहेरची आज्ञा चालवता येत होती. ज्यांचा विम ८.१.१३६५ च्या आधीचा आहे त्यांनी 'मोडलाइन' हा पर्याय आजही बंद ठेवावा.

३ ऑगस्ट २०२३ रोजी, बासष्टाव्या वर्षी, मूलेनार गेले. शेवटच्या काही आठवड्यांत आजार झपाट्याने बळावला होता, असं कुटुंबीयांनी कळवलं. पुढचं काम क्रिस्टियन ब्राबांट यांनी हाती घेतलं. ते आधीपासून विममध्ये दुरुस्त्या पाठवणारे, आणि आता त्यांच्याबरोबर इतरही मेंटेनर आहेत. २ जानेवारी २०२४ ची ९.१ मूलेनारांना अर्पण केलेली आहे. दुरुस्तीचा साचा बदलला नाही, पण काही जुनी दारं उघडली. विमआरसी ही सेटिंगची फाइल घरच्या फोल्डरात उघडी पडण्यापेक्षा कॉन्फिग फोल्डरात ठेवू द्या, ही मागणी वर्षानुवर्षं पडून होती. ९.१.०३२७ मध्ये ती मान्य झाली. फाइल हलवणार असाल तर जुनी जागा पूर्ण रिकामी करा. घरच्या फोल्डरात जुनी विमआरसी उरली असेल तर विम तीच वाचतो, नवीकडे ढुंकूनही बघत नाही.